आधी काम, मग परीक्षा, क्लास सर्वांत शेवटी: आयटी सर्टिफिकेशनची निवड

आयटीत नव्याने येणारे बहुतेक जण क्लासपासून सुरुवात करतात. जाहिरात दिसते, डेमो लेक्चर होतं, फी भरली जाते आणि चार-सहा महिन्यांनी हातात सर्टिफिकेट येतं. ते नेमकं कोणत्या कामासाठी घेतलं, हा प्रश्न मग पहिल्या मुलाखतीत समोर येतो. हा क्रम उलटा करा. कोणतं काम करायचं ते आधी ठरवा, त्या कामाला कोणती परीक्षा विचारतात ते मग शोधा, आणि ती परीक्षा एकट्याने अभ्यास करून झेपणार नाही असं दिसलं तरच क्लास लावा.

दोन शब्दांमधला फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते. क्लास किंवा वेबसाइट तुम्हाला देते ते ‘कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र’. तुम्ही हजर होता, व्हिडिओ पाहिले, एवढंच ते सांगतं. सर्टिफिकेशन म्हणजे सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पटिया यांच्यासारख्या संस्थेची देखरेखीखाली घेतलेली परीक्षा. तिला परीक्षा-क्रमांक असतो आणि तिचा निकाल नोकरी देणाऱ्याला ऑनलाइन पडताळता येतो. जाहिरातीत दोन्हींना ‘सर्टिफिकेट’च म्हणतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘परीक्षा-क्रमांक काय?’ उत्तर मिळालं नाही, तर ते बहुधा हजेरीचं प्रमाणपत्र आहे.

कामाची निवड

पदांची नावं आकर्षक असतात, म्हणून नावापेक्षा रोजच्या दिवसाकडे बघा.

डेस्कटॉप सपोर्ट किंवा हेल्पडेस्क म्हणजे दिवसभर तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी: पासवर्ड रीसेट, प्रिंटर, नव्या लॅपटॉपवर सिस्टिम चढवणं, ‘इंटरनेट चालत नाही’. वैतागलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं हा त्या कामाचा अर्धा भाग आहे. अनुभव नसलेल्याला सर्वांत लवकर उघडणारं दार हेच, आणि ते कमी लेखू नका. पुढे नेटवर्क किंवा सर्व्हरकडे जाणाऱ्याला इथली वर्ष-दीड वर्षं फार उपयोगी पडतात.

नेटवर्कच्या कामात स्विच, राउटर, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं), फायरवॉलचे नियम आणि केबलिंगसुद्धा येतं. मोठे बदल वापर कमी असतो तेव्हा, म्हणजे बहुधा रात्री करतात. सिस्टिम ॲडमिनकडे सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि युजरचे अधिकार असतात. क्लाउडचं काम हे याच दोन्हींवर उभं आहे. सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग) आणि परवानग्या कळत नसतील, तर क्लाउडच्या पडद्यावर नुसती बटणं दाबली जातात आणि काही बिघडलं की हात थांबतात. टेस्टिंगमध्ये टेस्ट केस लिहिणं, बग नेमक्या शब्दांत नोंदवणं आणि पुढे ऑटोमेशन.

सायबर सिक्युरिटीविषयी गैरसमज सर्वांत जास्त. नवख्याला मिळणारं काम साधारणपणे शिफ्टमध्ये बसून अलर्ट तपासण्याचं असतं: हा लॉगिन खरा की संशयास्पद, ही फाइल कुठून आली, वर कळवायचं की बंद करायचं. लॉग (सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी) वाचण्याचा कंटाळा येत असेल, तर हे काम मानवणार नाही.

प्रोग्रॅमर व्हायचं असेल, तर या लेखातला परीक्षेचा भाग तुमच्या फारसा कामाचा नाही. तिथे सर्टिफिकेशनपेक्षा तुम्ही लिहिलेला, चालणारा आणि वाचता येणारा कोड पाहतात. वेळ आणि पैसा त्यात घाला.

आता एक संध्याकाळ काढा. नोकरीच्या संकेतस्थळांवरून निवडलेल्या कामाच्या ३० जाहिराती गोळा करा, पण फक्त ० ते २ वर्षं अनुभव मागणाऱ्या. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: पदाचं नाव, मागितलेली कौशल्यं, मागितलेलं सर्टिफिकेशन, ते ‘आवश्यक’ की ‘असल्यास उत्तम’, आणि शिफ्ट. मग मोजा. जी परीक्षा वारंवार दिसते ती तुमची, आणि वारंवार दिसणारी कौशल्यं हा तुमचा अभ्यासक्रम. अनुभवाची चाळणी लावली नाही, तर यादीत सीआयएसएसपीसारखी (अनुभवी सुरक्षा-तज्ज्ञांसाठीची) नावं शिरतात. त्या सर्टिफिकेशनला ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नवख्याने त्याचा क्लास लावणं म्हणजे पाया न खणता छत टाकणं. एखादं सर्टिफिकेशन ३० पैकी एकाच जाहिरातीत दिसत असेल, तर कोणी कितीही सांगितलं तरी ते सध्या बाजूला ठेवा.

कोणती परीक्षा कशाची

हेल्पडेस्कसाठी कॉम्पटियाची ए प्लस. यात दोन पेपर असतात, कोअर १ आणि कोअर २. प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९०० या मापावर पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. हे गुण म्हणजे टक्केवारी नव्हे, त्यामुळे ‘इतके प्रश्न बरोबर आले की पास’ असा हिशेब मांडू नका. दोन्ही पेपर पास झाल्याशिवाय सर्टिफिकेशन मिळत नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं.

नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए, परीक्षा-क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं. ती देण्यासाठी आधीची कोणतीही परीक्षा लागत नाही. मुदत ३ वर्षं. अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे आणि ऑटोमेशनला १० टक्के. अभ्यासाचे तास याच प्रमाणात वाटा. सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेलात, की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून प्रश्न सोडण्याची सवय असेल, तर सराव परीक्षा देताना ती मोडा.

लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए, क्रमांक ईएक्स२००. यात पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात. समोर चालू सिस्टिम असते, कामं दिलेली असतात, आणि ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास. पाठांतराचा इथे काहीही उपयोग होत नाही, म्हणूनच या परीक्षेला मुलाखतीत मान आहे.

क्लाउडमध्ये दोन स्तर वेगळे ओळखा. ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, क्लाउड प्रॅक्टिशनर (६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७००) आणि मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० या ओळखीच्या परीक्षा आहेत. विक्री किंवा व्यवस्थापनात असणाऱ्याला त्या पुरतात, पण तांत्रिक नोकरी नुसत्या त्यांच्यावर मिळणं कठीण. नोकरीच्या दृष्टीने एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट (६५ प्रश्न, १३० मिनिटं, ७२० गुण) किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ धरा. मुदतीतही फरक आहे: एडब्ल्यूएसची ३ वर्षं, तर एझेड-१०४ची १ वर्ष, मात्र मायक्रोसॉफ्टचं नूतनीकरण ऑनलाइन आणि विनाशुल्क होतं.

टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी फाउंडेशन: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास, आणि मुदत आयुष्यभराची. सिक्युरिटीकडे जायचं असेल, तर कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस घ्या. पण नेटवर्कची समज आधी. पोर्ट म्हणजे काय हे माहीत नसताना फायरवॉलचा प्रश्न सुटत नाही.

यांतली एकच निवडा. दोन परीक्षांची तयारी एकदम सुरू केलेल्याच्या बहुधा दोन्ही लांबतात.

फी भरण्याआधी

निवडलेल्या परीक्षेचा अधिकृत विषय-आराखडा संस्थेच्या साइटवरून उतरवून घ्या. तो विनामूल्य असतो. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: करून दाखवता येतं, ऐकलं आहे, अजिबात माहीत नाही. तिसरी खूण निम्म्याहून जास्त ओळींना आली, तर दोन आठवडे फक्त पायावर घालवा: दशमान आकडा बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिणं, कमांड लाइनवर फोल्डर बदलणं, फाइल हलवणं, परवानग्या पाहणं, स्वतःच्या मशिनचा आयपी पत्ता, गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचं दार) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) शोधणं. हे दोन आठवडे वाचवायला गेलं, की तिसऱ्या लेक्चरपासून काही कळेनासं होतं आणि दोष स्वतःच्या बुद्धीला दिला जातो. दोष पायाचा असतो.

परीक्षेची आवृत्तीही तपासा. परीक्षा ठरावीक काळाने बदलतात आणि जुना क्रमांक बंद होतो. क्लासचं साहित्य जुन्या क्रमांकाचं असेल आणि तुमची तारीख नव्याची, तर काही प्रकरणं तुम्ही कधीच वाचलेली नसतील. परीक्षेच्या व्हाउचरलाही (आधी पैसे भरून घेतलेल्या कोडलाही) मुदत असते. तारीख ठरण्याआधी ते घेऊन ठेवू नका.

क्लास लावायचाच असेल, तर हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरं लेखीच घ्या. एकूण तासांपैकी प्रत्यक्ष लॅबचे किती? (निम्म्याहून कमी असतील तर पुढच्या क्लासकडे जा.) लॅब तुमच्या वेळेला उघडी असते की फक्त लेक्चरच्या वेळेत? बॅचमध्ये किती जण? शिकवणाऱ्याकडे स्वतः तीच परीक्षा पास झाल्याचा डिजिटल बॅज आहे का? परीक्षा शुल्क फीमध्ये धरलं आहे का, आणि नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाचं काय? मध्येच सोडावं लागलं, तर किती रक्कम परत मिळते?

‘नोकरीची हमी’ हे शब्द दिसले, तर कराराचा कागद मागा. हमीच्या अटींमध्ये बहुतेकदा असं असतं: अमुक टक्के हजेरी, कुठल्याही शहरात आणि कुठल्याही पगारावर तयारी, मिळालेला पहिला प्रस्ताव नाकारला की हमी संपली. अनेकदा मिळते ती मुलाखतीची संधी, नोकरी नव्हे. उत्पन्नातून हप्ते कापून घेण्याचा करार असेल, तर एकूण किती परतफेड होणार, ते आकड्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

घरची लॅब

तयारी खरी होते ती इथे. १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर १०० जीबी मोकळी जागा असलेला साधा संगणक पुरतो. ८ जीबीवरही लिनक्सच्या दोन हलक्या व्हर्च्युअल मशिन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालतात, फक्त ब्राउझर बंद ठेवावा लागतो. त्या चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य आहे. रेड हॅटचं विनामूल्य डेव्हलपर सबस्क्रिप्शन मिळतं. तेही नको असेल, तर रेड हॅटशी सुसंगत असं रॉकी लिनक्स घ्या. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. सीसीएनएसाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (पडद्यावरच नेटवर्क उभं करण्याचं सॉफ्टवेअर) त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की मिळतं; जुने राउटर विकत घ्यायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात अडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मशिन सुरूच होत नाही, किंवा ६४-बिटचा पर्यायच दिसत नाही: बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. इंटेलवर ते व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने, एएमडीवर एसव्हीएम मोड या नावाने सापडतं. दोन्ही मशिनवर इंटरनेट चालतं, पण एकीवरून दुसरी पिंग होत नाही (पिंग म्हणजे तिथपर्यंत पोहोचतं का याची चाचणी) आणि दोघींचा पत्ता १०.०.२.१५ दिसतो: नेटवर्क साध्या नॅटवर आहे, त्यात प्रत्येक मशिन एकटी असते. ‘नॅट नेटवर्क’ किंवा ‘होस्ट-ओन्ली’ निवडा. प्रत्येक मोठ्या बदलाआधी स्नॅपशॉट (मशिनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्या. काहीतरी मोडणारच, आणि मोडल्यावर पाच मिनिटांत मागे जाता आलं, तर माणूस निर्धास्तपणे प्रयोग करतो.

लिनक्सच्या लॅबमध्ये एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: काम झालं की मशिन रीस्टार्ट करा आणि पुन्हा तपासा. आरएचसीएसएत गुण जातात ते बहुधा याच ठिकाणी. सर्व्हिस ‘स्टार्ट’ केली, पण ‘एनेबल’ (आपोआप सुरू होईल अशी) केली नाही, तर रीस्टार्टनंतर ती बंद. फायरवॉलचा नियम ‘परमनंट’ न लावता टाकला, तर तो गायब. एफस्टॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते तिच्यात असतं) एक अक्षर चुकलं, तर मशिन इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. म्हणून त्या फाइलला हात लावल्यावर रीस्टार्टच्या आधी ‘माउंट’ कमांड ‘ए’ पर्यायासह चालवून चूक तिथल्या तिथे पकडा.

नेटवर्कवाल्यांनी सबनेटिंग रोज १५ मिनिटं, कागदावर. एक उदाहरण घ्या: १९२.१६८.१०.१००, मास्क /२६, म्हणजे २५५.२५५.२५५.१९२. मास्कचा शेवटचा आकडा १९२. २५६ मधून १९२ गेले, राहिले ६४. म्हणजे ०, ६४, १२८, १९२ असे गट. १०० हा ६४ च्या गटात पडतो, नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट (गटातल्या सगळ्यांना एकदम पोहोचणारा पत्ता) .१२७, वापरण्याजोगे पत्ते .६५ ते .१२६, म्हणजे ६२. असं गणित ३० सेकंदांत जमेपर्यंत सराव सोडू नका. परीक्षेत वेळ पुरला नाही असं सांगणाऱ्यांचा वेळ बहुतेकदा इथे गेलेला असतो.

क्लाउडच्या लॅबमध्ये धोका बिलाचा. खातं उघडल्याबरोबर, इतर काहीही करण्याआधी, रूट खात्याला (सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याला) दुहेरी पडताळणी लावा आणि बजेट अलर्ट ठेवा. मात्र अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. सर्व्हर ‘स्टॉप’ केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) वापरलं नाही तरी तासाला पैसे लागतात, आणि राखून ठेवलेला सार्वजनिक आयपीही फुकट नसतो. सरावाच्या शेवटी तयार केलेली प्रत्येक वस्तू हटवा, आणि ज्या ज्या रीजनमध्ये (क्लाउडच्या भौगोलिक विभागात) काम केलं, ते प्रत्येक उघडून बघा. बिल आलं की अनेकांचं एक मशिन दुसऱ्याच रीजनमध्ये चालू सापडतं. ॲक्सेस की (खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) चुकूनही गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या साइटवर, चढवू नका. उघड्या पडलेल्या की शोधणारे बॉट सतत फिरत असतात.

अभ्यास आणि परीक्षेचा दिवस

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला १० तास मिळत असतील, तर सीसीएनए किंवा आरएचसीएसएला चार-पाच महिने धरा. या १० पैकी ६ तास लॅब, ३ वाचन किंवा व्हिडिओ, १ उजळणी. व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि रिकाम्या पडद्यासमोर बसलं की हात चालत नाहीत, कारण ओळखणं आणि आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ संपला की तो बंद करा आणि तेच काम न बघता करा.

सराव परीक्षा शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ लिहा: माहीत नव्हतं, घाईत वाचलं, की दोन संकल्पनांत गोंधळ. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, आधी न पाहिलेल्या सराव परीक्षांत सलग ८५ टक्क्यांच्या आसपास गुण आले, की तारीख घ्या. तीच परीक्षा चौथ्यांदा देऊन मिळालेल्या ९५ टक्क्यांना अर्थ नाही; तिथे उत्तरं पाठ झालेली असतात.

‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून विकली जाणारी डम्प घेऊ नका. त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात, ते संस्थेच्या नियमांचं उल्लंघन आहे आणि पकडलं गेलं तर सर्टिफिकेशन रद्द होतं. आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर परीक्षा संस्थेला आधीच कळवून दुरुस्त करा. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना काही परीक्षांत जादा वेळ मिळतो: एडब्ल्यूएसमध्ये ३० मिनिटं, आयएसटीक्यूबी फाउंडेशनमध्ये ६० ऐवजी ७५. एडब्ल्यूएसची सवलत तारीख घेण्याआधी मागावी लागते. नंतर मागितली, तर त्या परीक्षेला लागू होत नाही. हक्काची गोष्ट आहे, सोडू नका.

घरून परीक्षा देणार असाल, तर सिस्टिम टेस्ट त्याच मशिनवर, त्याच नेटवर्कवर आदल्या दिवशी करा. कंपनीचा लॅपटॉप टाळा. त्याचं फायरवॉल किंवा व्हीपीएन परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतं. टेबल रिकामं, दुसरा मॉनिटर काढलेला, खोलीत कोणी नको. प्रश्न पुटपुटत वाचण्याची सवय असेल तर आवरा, त्यावरही इशारा मिळतो. घरात शांतता किंवा वीज यांची खात्री नसेल, तर सरळ परीक्षा केंद्र निवडा.

कॉम्पटियाच्या पेपरात करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. त्यांना खूण करून पुढे जा, बाकीचे संपवून परत या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. नापास झालात, तर निकालपत्रकावर विषयवार कामगिरी मिळते. पुढचा अभ्यास तिथूनच सुरू करा. पुन्हा बसण्याआधी सिस्कोमध्ये ५ दिवस, एडब्ल्यूएसमध्ये १४ दिवस थांबावं लागतं.

पहिली नोकरी

परीक्षेच्या निकालाची वाट न बघता अर्ज सुरू करा. रेझ्युमेवर ‘परीक्षेची तारीख ठरली आहे’ असं महिन्यासह लिहिता येतं. रेझ्युमे एक पानाचा. सर्टिफिकेशनचं पूर्ण नाव, मिळाल्याचा महिना आणि पडताळणीची लिंक. त्याखाली घरच्या लॅबमधली दोन-तीन कामं, प्रत्येकी तीन ओळींत: काय उभं केलं, काय अडलं, कसं सोडवलं. ‘लिनक्सचं ज्ञान’ या शब्दांपेक्षा ‘दोन सर्व्हरमध्ये रोज रात्री बॅकअप, डिस्क भरल्याने बंद पडला, जुन्या फाइल हटवण्याचा नियम लावून सुरू केला’ ही ओळ मुलाखत घेणाऱ्याला बोलायला विषय देते. या लॅबच्या नोंदी आकृतीसह गिटहबवर ठेवा, पासवर्ड आणि ॲक्सेस की काढून.

मुलाखतीत समस्या देतात आणि तुम्ही कसा विचार करता ते ऐकतात. उत्तर एका शब्दात देऊ नका, क्रम सांगा. ‘इंटरनेट चालत नाही’ असं म्हटलं, तर: एकट्याचं की सगळ्यांचं? केबल किंवा वाय-फाय जोडलेलं आहे का? आयपी पत्ता काय दिसतो? १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळालेला नाही. पत्ता बरोबर असेल, तर गेटवे पिंग करा, मग ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर). तिथपर्यंत पोहोचतं, पण साइटचं नाव उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. हा क्रम मोठ्याने, दुसऱ्या माणसासमोर बोलून पाहा. मनात नीट असलेलं तोंडातून अनेकदा उलटसुलट येतं.

काम मिळाल्यावर पहिले सहा महिने सोडवलेल्या तिकिटांची स्वतःची वही ठेवा: लक्षण, कारण, उपाय, लागलेला वेळ, आणि वरच्या टीमकडे द्यावं लागलं का. ग्राहकाची माहिती आणि पासवर्ड त्यात येऊ देऊ नका. सहा महिन्यांनी शेवटचा रकाना मोजा. ज्या विषयाची तिकिटं सर्वांत जास्त वेळा वर पाठवावी लागली, तो तुमच्या दुसऱ्या परीक्षेचा विषय. तिचा आराखडा उतरवून त्याच तीन खुणांनी पुन्हा सुरुवात करा. या वेळी पहिल्या दोन खुणा बऱ्याच ओळींपुढे येतील.